परचेसवाले साहेब आणि पांढरी वाईन

चाकणच्या पट्ट्यात परचेसचा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच्यापुढे कुठलीही वस्तू ठेवा. तो आधी ‘महाग आहे’ म्हणतो आणि मग ती वस्तू काय आहे ते बघतो. मेथीची जुडी असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर स्वतःच्या दाढेचं रूट कॅनाल असो, पहिला सांगितलेला दर निमूट मान्य करणं त्याच्या रक्तात नाही. डेंटिस्टच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना, हातवाऱ्यांनी भाव करणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला दोन दाढांच्या ऑर्डरवर पंधरा टक्के सूट मिळाली. दुसरी दाढ तशी बरी होती.

या जमातीत अलीकडे एक पोटजात तयार झाली आहे: वाईन कळणारा परचेसवाला. पिंपळे सौदागर, वाकड, मोशी, इंद्रायणीनगर, कुठल्याही मोठ्या सोसायटीत एखादा तरी सापडतोच. वय पन्नाशीच्या आसपास, डिप्लोमा मेकॅनिकल, पहिली नोकरी भोसरी एमआयडीसीत, मग स्टोअर, मग परचेस, आता ‘हेड सोर्सिंग’. सोसायटीच्या कमिटीत खजिनदार, कारण लिफ्टच्या एएमसीचा दर त्याच्याइतका कुणालाच पाडता येत नाही. लोक त्याला साहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

आमच्या साहेबांचं पिणं पूर्वी चारचौघांसारखंच होतं. थंडीत रम, उन्हाळ्यात बियर आणि समोरचा पाजत असेल तर स्कॉच. मग कंपनीत फ्रेंच भागीदार आला. आपल्याकडे हे काही नवल नाही. भोसरीत आणि चाकणजवळ गाड्यांच्या काचा करणारी सेंट-गोबेन आहे, आणि गाडीचे इतर भाग करणारे फ्रेंचही या पट्ट्यात येऊन जुने झाले. साहेबांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला फ्रान्सला धाडण्यात आलं. ट्रेनिंग कशाचं होतं ते आता त्यांनाही नीट सांगता येत नाही. पण पहिल्याच रविवारी ते तिथल्या सुपरमार्केटात शिरले. भिंतभर वाईन, आणि तिच्यात चार युरोची एक बाटली. साहेब ती हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू त्यांना स्वस्त वाटली होती आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना.

परत आले ते वाईनवाले होऊनच. त्यातही पांढरी. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सांगतात. ती खोली फ्रान्समधली. मे महिन्यात चिंचवडच्या सातव्या मजल्यावरची, दिवसभर पश्चिमेचं ऊन खाल्लेली खोली त्या हिशेबात बसत नाही. तेव्हा तांबडी बाद. रोझे दिसायला बरी, पण साहेबांच्या मते तो ‘कॉस्मेटिक पार्ट’. राहिली पांढरी.

पांढरीबद्दल त्यांचा सिद्धांत अस्सल परचेसचा आहे आणि खरं सांगायचं तर चुकीचाही नाही. फ्रान्सची जी नावं आपण सिनेमात ऐकतो, शाब्ली, सांसेर, त्यांच्यात अर्धे पैसे नावाचे. तेव्हा नावाच्या शेजारी राहणारा व्हेंडर शोधायचा. सांसेर लुआर नदीच्या काठी पिकते, सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची. त्याच नदीनं खाली पश्चिमेला जा, तुरेन नावाचा प्रांत लागतो. द्राक्ष तेच, नदी तीच, दर कितीतरी खाली. “मटेरियल ग्रेड सेम,” साहेब सांगतात, “फक्त व्हेंडर कोड बदलला.” तसंच पुढे जात जात नदी नाँत शहरापाशी समुद्राच्या जवळ येते, तिथे म्यूस्काडे. आंबट, हलकी, किंचित खारट. १७०९ च्या भयंकर थंडीत तिथल्या बाकीच्या वेली जळाल्या, पण हे द्राक्ष तगलं म्हणून पुढे तेच लावलं गेलं. ही गोष्ट साहेबांना फार आवडते. अडचणीत सप्लाय न तोडणारा व्हेंडर म्हणून म्यूस्काडेला त्यांच्या यादीत ‘ए’ रेटिंग आहे. हिवाळाभर ती स्वतःच्या यीस्टच्या गाळावरच ठेवतात आणि वसंतात बाटलीत भरतात. हे ऐकून आमच्या बिल्डिंगमधले मेंटेनन्सवाले चटकन म्हणाले, “म्हणजे सेटलिंग टँक साफच करत नाहीत.”

मग दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठी पिकपूल द पिने. तिथल्या थो खाडीत कालवं पिकवतात आणि ती याच वाईनबरोबर खातात. मग गास्कोनी. तिथली कोलोंबार आणि उन्यी ब्लां ही द्राक्षं मुळात आर्मान्याक ब्रँडीसाठी. ब्रँडीचा खप उतरला तशी तिथल्या लोकांनी तीच द्राक्षं ताज्या पांढऱ्या वाईनकडे वळवली. ज्याच्याकडे मशीन आहे पण काम नाही अशा व्हेंडरवर परचेसवाल्याचं जेवढं प्रेम असतं तेवढं बायकोवर नसतं. गास्कोनीचं नाव निघालं की साहेबांचा आवाज मऊ होतो.

आणि बर्गंडीची आलिगोते. ही तिथल्या शार्दोनेची गरीब चुलत बहीण. जरा जास्तच आंबट. दिजों शहराचे एक महापौर होते, फेलिक्स कीर, पेशानं पाद्री. दुसऱ्या महायुद्धानंतर वीसेक वर्षं त्यांनी कारभार केला आणि पाहुणा आला की त्याला आलिगोतेत काळ्या मनुकेसारख्या फळाचं, कासिसचं, गोड लिकर घालून द्यायचे. गावचा माल गावच्या मालात मिसळून खपवायचा. त्या पेयाला त्यांचंच नाव पडलं. हे सांगून झालं की साहेब एक क्षण थांबतात आणि आपल्या महापालिकेचा विषय काढतात. १९८६ पासून एवढे महापौर झाले, सगळ्यांनी पाहुण्याला शाल आणि नारळ दिला.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण अशी की या यादीतलं काहीही पिंपरीच्या दुकानात सहसा मिळत नाही.

साहेबांबरोबर मी दुकानात गेलो आहे. पाटीवर ‘वाइन्स’, आत सगळीकडे व्हिस्की, आणि वाईन शेवटच्या कपाटात, खालच्या फळीवर, एनर्जी ड्रिंकच्या शेजारी. काउंटरवर गर्दी, क्वार्टरवाल्यांची घाई, आणि साहेब खाली उकिडवे बसून बाटल्यांचं इनकमिंग इन्स्पेक्शन करताहेत. आधी उजेड कुठून येतो ते बघायचं. ट्यूबलाइटखाली किंवा शटरच्या उन्हात उभी असलेली बाटली रिजेक्ट. मग वर्ष. आपल्याकडे समज असा की वाईन जितकी जुनी तितकी भारी. हे महागड्यांना लागू. स्वस्त पांढरीचा जीव तिच्या ताजेपणात; ती दोन-तीन वर्षांच्या आत प्यायची. दुकानाच्या शेठनं एकदा मोठ्या कौतुकानं आठ वर्षांची जुनी बाटली काढून दिली. साहेबांनी लेबल वाचलं आणि विचारलं, “ही नॉन-मूव्हिंग किती दिवस पडलीये?” शेठ म्हणाला, “साहेब, जुनी आहे, कडक आहे.” साहेब म्हणाले, “जुना माल आहे म्हणजे चाळीस टक्के डिस्काउंट. डेड स्टॉकला आम्ही त्याहून जास्त देत नाही.”

मग लेबलवरचं बारीक फ्रेंच. ते साहेब भिंगानं वाचतात. वाईन द्राक्षमळ्याच्या मालकानंच बाटलीत भरली असेल तर तसं लिहिलेलं असतं. नसेल तर कुण्या व्यापाऱ्यानं गोळा करून भरलेली. “इनहाऊस आहे की जॉबवर्क, एवढंच बघायचं.” त्यानंतर झाकण. बुचाची बाटली ते शक्यतो घेत नाहीत. बुचाला कधीकधी एक रसायन चिकटतं आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पूर्वी शंभरात दोन-चार बाटल्या अशा निघत असं म्हणतात. शंभरात दोन म्हणजे दहा लाखांत वीस हजार. “आपला कस्टमर पन्नास पीपीएमला लाइन थांबवतो,” साहेब मला म्हणतात, “आणि हे लोक तीनशे वर्षं हे चालवून घेतात!” त्यापेक्षा आट्यांचं झाकण बरं. तीस मिलिमीटर व्यास, साठ मिलिमीटर उंची, स्टँडर्ड साइज. फिरवताना ‘कट्ट’ असा आवाज आला पाहिजे. त्या आवाजाला साहेबांचे डोळे मिटतात. वाईनला मिटतात की नाही हे मी अजून नक्की सांगू शकत नाही.

एवढं करून शेवटी दर. आणि इथे खरी मैफल सुरू होते. साहेब खिशातून पेन काढून शेठच्या बिलबुकाच्या मागे कॉस्टिंग मांडतात. धरून चाला, न्हावाशेवा बंदरात उतरताना बाटली पडली चारशे रुपयांना. बाहेरच्या वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क. म्हणजे झाले हजार. त्यावर आयातदार, मग राज्याचं उत्पादनशुल्क, लेबलची नोंदणी, गोदाम, वितरक, शेठचं मार्जिन, वर व्हॅट. दारू जीएसटीच्या बाहेर, म्हणजे इनपुट क्रेडिट नाही. हे शेवटचं वाक्य साहेब अशा स्वरात उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात काहीतरी झालंय. आकडा दोन हजाराच्या घरात जातो. “ऑस्ट्रेलियाचं बघा,” ते शेठला सांगतात, “डिसेंबर २०२२ पासून करार लागू झाला, पाच डॉलरच्या वरच्या बाटलीची ड्यूटी शंभर टक्क्यांवर आली. तो फरक मला पास ऑन करा.” शेठ म्हणतो, “साहेब, ही तर फ्रान्सची आहे.” साहेब म्हणतात, “तत्त्व म्हणून बोलतोय.” मागे क्वार्टरसाठी हात पुढे केलेला हेल्पर हे सगळं ऐकत असतो. त्याला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट असतं.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यात जास्त आनंद बहुधा साहेबांनाच झाला असेल. शेतकऱ्यांचं भलं, संस्कृतीचा ऱ्हास, टीव्हीवर दोन्ही बाजूंनी रान उठलं. साहेबांच्या डोळ्यांपुढे फक्त ‘दोन घ्या, एक फुकट’ होतं. ते काही घडलं नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग पकडला: विमानतळ.

परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर दारू शुल्काविना आणता येते. कंपनीतला कुणीही फ्रान्सला निघाला की साहेब त्याला शब्दशः परचेस ऑर्डर देतात: नाव, वर्ष, झाकण, कमाल दर. पण बाटली साडेसातशे मिलिलिटरची. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली तर मर्यादेबाहेर. प्रत्येक प्रवाशामागे अर्धा लिटर कपॅसिटी वाया! युटिलायझेशन फक्त पंचाहत्तर टक्के! साहेबांना या विचारानं झोप लागत नव्हती. मग त्यांना शोध लागला की फ्रान्समध्ये अर्धी बाटलीही मिळते, ३७५ मिलिलिटरची. दोन अख्ख्या, एक अर्धी: एक लिटर आठशे पंचाहत्तर. त्र्याण्णव पॉइंट सात पाच टक्के. त्या महिन्याच्या कायझन बोर्डावर हे लावता आलं नाही याची खंत त्यांना अजून आहे.

तर अशा मेहनतीनं आलेली बाटली शनिवारी संध्याकाळी साहेबांच्या गच्चीला लागून असलेल्या बाल्कनीत उघडते. निमंत्रित ठरलेले: मेंटेनन्सवाले, क्वालिटीवाले, मी. दारू पिण्याच्या परवान्याचा प्रश्न नाही. साहेबांकडे हजार रुपयांचा आजन्म परवाना आहे. वार्षिक शंभर रुपयांना पडतो, म्हणजे दहा वर्षं प्यायलं की पुढचं फुकट. “त्यासाठी जगायला पाहिजे,” वहिनी आतून म्हणतात.

वहिनींच्या पुरणाच्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेल्या बर्फात बाटली लवकर गार होते, कारण पाणी काचेला सगळीकडून चिकटतं. हे साहेब दर वेळी सांगतात आणि ते खरंच आहे. मग प्लँटमधून आलेली, कॅलिब्रेशनचा स्टिकर असलेली टेंपरेचर गन बाटलीवर धरायची. आठ ते दहा डिग्री. सहाला वास येत नाही, चौदाला आंबटपणा सैल पडतो. ग्लासमध्ये तिसऱ्या भागापर्यंतच ओतायची. मेंटेनन्सवाले दर शनिवारी ग्लासकडे बघून “एवढीच?” म्हणतात आणि साहेब दर शनिवारी “वास घ्यायला जागा लागते” असं उत्तर देतात.

वास हा क्वालिटीवाल्यांचा प्रांत. “काय येतंय?” साहेब विचारतात. “लिंबू.” “आणखी?” “साल काढलेलं हिरवं सफरचंद.” “आणखी?” आता हे ‘आणखी’ वहिनी भजी घेऊन येईपर्यंत चालतं. एकदा साहेब स्वतःच म्हणाले, “ओला दगड. पुस्तकात तसंच दिलंय.” क्वालिटीवाल्यांनी ग्लास खाली ठेवला. “कुठला दगड? स्पेसिफिकेशन द्या. आपला काळा पाषाण, की त्यांचा ग्रॅनाइट?” साहेबांनी पुस्तक काढलं, म्यूस्काडेच्या जमिनीत ग्रॅनाइटही आहे. मग मेंटेनन्सवाले उठून बाथरूमच्या उंबऱ्यावर पाणी मारून आले. “हाही ग्रॅनाइटच आहे,” म्हणाले, “वास नाही येत.” विषय ओपन पॉइंट म्हणून मिनिट्समध्ये नोंदवला गेला.

खाण्याच्या बाबतीत मात्र साहेबांना मानलं पाहिजे. म्यूस्काडेबरोबर तिसऱ्या किंवा कुरकुरीत बोंबील, वरून लिंबू नाही, कारण लिंबाचं काम वाईन करते. मी खाल्लं आहे. हे जुळतं, आणि असं जुळतं की चार युरोच्या वस्तूसाठी एवढा उपद्व्याप का, हे तेवढ्यापुरतं कळतं. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यों. ठेचा असेल तर कडकडीत कोरडी वाईन नको. मिरचीची आग अल्कोहोलनं भडकते. तिथे किंचित गोडसर शेनिन, कमी कडक, खूप गार. हा नियम एकदा मोडला आणि चिंचवडच्या बाल्कनीत चार मोठी माणसं जीभ बाहेर काढून पंख्याखाली उभी होती.

शेनिन म्हटलं की मेहुण्यांचा विषय टाळता येत नाही. वहिनींचं माहेर नारायणगावकडचं, भावाची जुन्नर भागात द्राक्षबाग, काळी जंबो. तो आला की बाटली हातात घेऊन फिरवतो आणि विचारतो, “दाजी, कितीला?” दाजी आकडा सांगतात. मेहुणा म्हणतो, “एवढ्यात मी तुम्हाला दोन पेट्या द्राक्षं देतो, आणि भाडं माझं.” साहेब त्याला समजावतात की खायचं द्राक्ष वेगळं आणि वाईनचं वेगळं: वाईनचं लहान, बी असलेलं, जाड सालीचं. मेहुणा ऐकून घेतो आणि म्हणतो, “आमच्या गावात सगळं होऊन गेलंय, दाजी.” ते खोटं नाही. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांच्या इंडेजनं १९८० च्या दशकात शँपेनवाल्या फ्रेंचांचं तंत्र आणून बुडबुड्यांची वाईन केली आणि ती परदेशात विकली. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानं निघालं तर तासाभराच्या अंतरावर. पुढे ती कंपनी बुडाली, पण साहेब पंचवीस वर्षं ज्या रस्त्यावर व्हेंडर व्हिजिट करत होते त्याच रस्त्यावर हे घडत होतं आणि ते तिथे फक्त मिसळ खायला थांबले.

मेहुण्यानंच साहेबांच्या डोक्यात किडा सोडला. ऑटोमोबाइलमध्ये आयात केलेला पार्ट महाग पडला की काय करतात? लोकलायझेशन. ड्रॉइंग तिकडचं, उत्पादन इथलं. पाहायला गेलं तर ते केव्हाच झालेलं. शेनिन ब्लां हे लुआरकाठचं द्राक्ष, सोव्हिन्यों ब्लांही तिथलं. राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही दोन्ही नाशिकजवळ लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ साली सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या उभ्या राहिल्या. अकलूजकडे फ्रातेलीनं इटालियनांना घेऊन तेच केलं. इथली द्राक्षं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला उतरतात, फ्रान्सची सप्टेंबरच्या. सीमाशुल्क नाही, समुद्रातल्या कंटेनरचा ताप नाही, आणि दर फ्रेंच बाटलीच्या निम्म्याच्या आसपास. साहेबांनी एका शनिवारी लेबलं कागदानं झाकून दोन्ही पाजल्या. क्वालिटीवाल्यांनी आणि मी नाशिकची उचलली. मेंटेनन्सवाल्यांनी दोन्ही उचलल्या.

मला वाटलं, आता फ्रान्सचा नाद सुटेल. पण परचेसचा माणूस मला कळलेलाच नाही. नाशिकची बाटली सरळ दुकानात मिळते, दर छापील, वर्ष ताजं. भांडायला जागाच नाही. साहेब ती गुरुवारी एकटे पितात, शांतपणे, आणि शनिवारी पुन्हा बिलबुकाच्या मागे फ्रान्सचं कॉस्टिंग मांडतात. त्यांची नशा ग्लासात नाहीच. ती ‘ही बाटली इतरांपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त पडली’ या वाक्यात आहे. हे वाक्य ते दर पाहुण्याला एकदा आणि आम्हाला दर पेगला एकदा ऐकवतात.

गेल्या मे महिन्यात प्लँटवर कस्टमरचा एक फ्रेंच इंजिनियर आला. प्रोव्हान्सकडचा, घामाघूम, तळेगाव-चाकण रस्त्यावर अडीच तास ट्रॅफिकमध्ये शिजलेला. साहेबांनी त्याला घरी बोलावलं. आम्हाला आधी तंबी: ग्लास दांड्याला धरायचा, ‘चिअर्स’ म्हणताना डोळ्यात बघायचं, आणि काहीही झालं तरी बर्फ मागायचा नाही. वाईनमध्ये बर्फ म्हणजे साहेबांच्या घरात सर्वांत मोठं नॉन-कन्फर्मन्स. मेंटेनन्सवाल्यांना यावरून एकदा बाल्कनीतून आत पाठवलेलं आहे.

विमानतळावरची शेवटची म्यूस्काडे उघडली. नऊ पॉइंट दोन डिग्री. फ्रेंच माणसानं घोट घेतला, मान हलवली, “छान” अशा अर्थाचं काहीतरी बोलला, बोंबील तोंडात टाकला, आणि आम्ही सगळे बघत असताना वहिनींच्या पातेल्यात हात घालून दोन खडे काढले, नळाखाली मीठ धुतलं आणि ग्लासात टाकले. वर आम्हालाच समजावलं की त्यांच्याकडे दक्षिणेत उन्हाळ्यात सगळे असंच पितात, स्वस्त वाईनला काय होतंय!

साहेबांचा चेहरा मी ऑडिटच्या दिवशीसुद्धा तसा पाहिला नव्हता. मेंटेनन्सवाले खुर्चीत पुढे सरकले. “साहेब, हे तर कस्टमरनंच केलं.”

परचेसवाला हरतो, पण कागदावर हरत नाही. पाहुणा गेल्यावर साहेबांनी आतून फाइल आणली आणि रीतसर डेव्हिएशन नोट लिहिली. पार्ट: पांढरी वाईन, फ्रेंच, आठशे रुपयांखालील लँडेड कॉस्ट. डेव्हिएशन: बर्फ. क्वांटिटी: दोन खडे प्रति ग्लास. मुदत: मृग लागेपर्यंत. मंजुरी: कस्टमर, तोंडी. आम्ही तिघांनी सह्या केल्या. मेंटेनन्सवाले सही करून लगेच पातेल्याकडे वळले.

क्वालिटीवाल्यांनी नोट परत हातात घेतली. “खडा कुठल्या साइजचा? टॉलरन्स दिलेला नाही.”

“सोमवारी ड्रॉइंग देतो,” साहेब म्हणाले. “आणि तीन ठिकाणांहून ट्रेचे कोटेशन मागवा.”